तारांकित पंचांग

पंचांगाला अंगे पाच आणि क्रॉनला घरेही पाच. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही एकाची; मिनिट, तास, तारीख, महिना, वार ही दुसऱ्याची. दोघांत सामाईक काय, तर फक्त वार. पण याहून कमी जुळत असतानाही आपल्याकडे लग्ने लागलेली आहेत, तेव्हा बोलणी पुढे न्यायला हरकत नाही.

क्रॉन म्हणजे संगणकातला एक छोटा, अबोल प्रोग्राम. दर मिनिटाला तो जागा होतो, समोरच्या यादीवरून नजर फिरवतो, या मिनिटाचे काही काम असेल तर चालू करून देतो आणि पुन्हा डोळे मिटतो. तो बेल लॅब्जमध्ये लिहिला गेला आणि १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही तो होता. पुढे १९८७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी त्याला नवे रूप दिले. यादीतली एक ओळ म्हणजे एक काम. आधी पाच घरे भरायची, मग आज्ञा लिहायची. ज्या घराबद्दल आपली काही अट नाही, तिथे एक तारा काढायचा. रोज सकाळी सहाला काही करायचे असेल तर ‘० ६ * * *’. यंत्राला आकडे इंग्रजी लागतात. माणसांत बसून बोलताना आपले चालतात.

माझा आणि या ताऱ्यांचा संबंध काल्हेरमध्ये आला. ठाण्याहून बाळकुम नाका मागे टाकून कशेळीचा खाडीपूल उतरले की जुन्या आग्रा रोडवर कशेळी, काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा ओळीने लागतात. जिथे भात पिकत होता तिथे आता गाळे आहेत, गाळ्यांच्या मागे टॉवर आहेत आणि रस्त्याच्या डोक्यावर मेट्रो पाचचे खांब आहेत. मुंबईतल्या घराच्या दारात सकाळी येणारे खोके बहुधा भिवंडीच्या याच पट्ट्यात एखादी रात्र मुक्काम करून आलेले असते. इतक्या खोक्यांचा हिशेब हाताने ठेवणे शक्य नाही. म्हणून प्रत्येक गाळ्याच्या कोपऱ्यात, हमालांच्या डब्यांच्या रांगेशेजारी, एक संगणक असतो आणि त्याला वेळा लावून देणारा आमच्यासारखा कुणीतरी असतो.

अडचण अशी, की काल्हेरमध्ये कामांना वेळ नसते, आधीचे काम असते. लोडिंग कधी? गाडी लागली की. गाडी कधी लागणार? पुढची खाली झाली की. ती कधी खाली होणार? हमाल जेवून आले की. बिल कधी? बिल्टी आली की. आणि रिपोर्ट? शेठ उठले की. ही माणसे वेळेला पक्की आहेत, त्यांच्या हातून सहसा काही चुकत नाही. फक्त घड्याळ त्यांच्या साखळीत कुठेच येत नाही. क्रॉनला मात्र घड्याळाशिवाय काहीच दिसत नाही. गाडी आली की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नाही. त्यामुळे आमचा अर्धा दिवस ‘म्हणजे साधारण किती वाजता, काका?’ हे विचारण्यात जातो आणि काका आपल्याकडे असे बघतात, जणू आपण त्यांच्या इमानावरच शंका घेतली.

पहिला धडा तारा देतो. एका गाळ्यावर नव्या लागलेल्या पोराला कुणीतरी सांगितले, की ड्रायव्हर लोकांना सकाळी सहाला मेसेज जाऊ दे. पोराने तासाच्या घरात सहा लिहिले आणि मिनिटाबद्दल कुणी काही बोलले नाही म्हणून तिथे तारा ठेवला: ‘* ६ * * *’. तारा म्हणजे ‘काहीही चालेल’ अशी त्याची समजूत. ताऱ्याचा खरा अर्थ ‘प्रत्येक’. सहा वाजल्यापासून सहा एकोणसाठपर्यंत दर मिनिटाला एक असे साठ मेसेज गेले. तिसाव्या मेसेजला एका ड्रायव्हरने फोन करून सांगितले, “भाई, उठ गया, नहा भी लिया, अब बस कर.” घरी भाजी कुठली करू, या प्रश्नाला ‘कुठलीही’ म्हटल्यावर सगळ्याच भाज्या ताटात याव्यात, तसा हा प्रकार. माणसाला न सांगितलेले कळते. यंत्राला न सांगितलेले म्हणजे सगळेच सांगितलेले.

दुसरा धडा रात्र देते. ठाणे शहरातून अवजड वाहनांना जायला दुपारी बारा ते चार आणि रात्री दहा ते पहाटे पाच ही वर्षानुवर्षांची वहिवाट. काल्हेरचे सारे वेळापत्रक या दोन फटींतून ये-जा करते. ते क्रॉनला सांगायला गेले, की दुपारच्या ‘बारा ते चार’चे ‘१२-१५’ होते, कारण पंधराच्या तासात तीन एकोणसाठ येऊन जातात. ‘१२-१६’ लिहिले तर गाडी पाचपर्यंत रस्त्यावर आणि पावती पोलिसांच्या हातात. रात्रीचे त्याहून अवघड. ‘२२-४’ असे लिहिले तर बहुतेक ठिकाणी क्रॉन ती ओळच नाकारतो. बावीसपासून मोजत निघाले तर चार पुढे कधी येतच नाहीत, असे त्याचे म्हणणे. मग रात्रीचे दोन तुकडे करून द्यावे लागतात: ‘२२-२३,०-४’.

हा तुकडा रात्रपाळीच्या सुपरवायझरला कधीच मान्य झाला नाही. ‘सोमवारी रात्री दोनला सुरतची गाडी आहे’ असे तो म्हणतो तेव्हा क्रॉनच्या लेखी मंगळवार उजाडून दोन तास झालेले असतात. सुपरवायझरचा सोमवार तो घरी जाऊन आडवा होईपर्यंत संपत नाही. गंमत म्हणजे शास्त्र त्याच्या बाजूचे आहे. पंचांगाचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो. मध्यरात्रीला तिथे वार बदलण्याचा अधिकार नाही. पंचांगाचे पान कधी न उलगडलेला हा माणूस रोज त्याप्रमाणेच जगतो. सरकारचे ई-वे बिल मात्र मध्यरात्रीला मानते. त्याचा पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो, आणि गाडी कशेळीच्या पुलावर अडकली आहे ही सबब ऐकायला तो थांबत नाही.

एवढ्यावर भागले असते तर बरे होते. पण सर्व्हर नावाची गोष्ट बहुधा ग्रिनिचच्या वेळेवर चालते. यंत्र मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये असले तरी घड्याळ तिथले. आपण साडेपाच तास पुढे. म्हणून शेठना सकाळी सहाला रिपोर्ट हवा असेल तर लिहायचे ‘३० ० * * *’, आणि सोमवारी पहाटे पाचला हवा असेल तर रविवारी रात्री साडेअकरा. नवशिका इथे हमखास घाबरतो. मला मात्र या साडेपाच तासांत एक दिलासा सापडला. ग्रिनिचला मध्यरात्र होते तेव्हा काल्हेरमध्ये पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. म्हणजे सर्व्हरचा वार बदलतो तो आपल्या अरुणोदयाच्या सुमारास. सुपरवायझरचा ‘सोमवारी रात्री दोन’ ग्रिनिचच्या हिशेबात सोमवारी रात्री साडेआठ होतो: ‘३० २० * * १’. शेवटचा तो एक म्हणजे सोमवारच. क्रॉन, पंचांग आणि रात्रपाळी यांचे एकमत होण्याचा हा एकच योग, आणि तो इंग्लंडमधल्या एका टेकडीवरून जुळून आला.

कुणाच्या घड्याळाने चालायचे, हा वाद आपल्याकडे नवा नाही. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईने ती सरळ नाकारली. मुंबईची स्वतःची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती आणि सरकारने काटा पुढे सरकवून आपली झोप कापली, असे गिरणीतल्या कामगारापासून नगरसेवकापर्यंत अनेकांचे म्हणणे पडले. ही मुंबई वेळ शहरात १९५५पर्यंत टिकली. त्या काळात क्रॉन असता, तर रेल्वेची ओळ एक आणि पालिकेची दुसरी, मध्ये ३९ मिनिटे आणि दोन्हीकडचे लोक आपणच वेळेवर असल्याच्या खात्रीत. साडेपाच तासांची वजाबाकी करताना मला या भांडकुदळ शहराबद्दल आदरच वाटतो.

परदेशी गिऱ्हाईक असेल तर याहून मजा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोनचे एकदम तीन वाजतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दोन वाजायच्या क्षणी काटा पुन्हा एकवर येतो. तिकडच्या घड्याळाने ‘रोज अडीचला’ असे काम लावले असेल तर मार्चमध्ये एक दिवस अडीच वाजतच नाहीत. ‘रोज दीडला’ लावले असेल तर नोव्हेंबरात एक दिवस दीड दोनदा वाजतात. तिकडचे इंजिनियर यावर लांबलचक लेख लिहितात. आमच्या आजीला यात नवल वाटले नसते. तिच्या पंचांगात क्षयतिथी होती आणि वृद्धितिथीही होती. एक तिथी सूर्योदय न बघताच निघून जाते, दुसरी दोन सूर्योदय बघून जाते, आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास अख्खा महिना अधिक येतो. २०२३ साली श्रावण दोनदा आला तेव्हा कुणाचाही सर्व्हर बंद पडला नाही. उपवास कुठल्या श्रावणात धरायचा, एवढे विचारून लोक कामाला लागले. सोळाव्या शतकात कोकणकिनाऱ्यावरच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ रचून हे सारे गणित ज्या-कोज्यांशिवाय करता येईल असे सोपे केले होते. अवघड हिशेब दुसऱ्याच्या हाती देण्याजोगा करणे, हाच आमचाही धंदा.

पण क्रॉनची खरी फजिती अंगारकीला होते. आमच्या अकाउंटंटना ११ आणि २० या तारखा एकादशीहून पवित्र. ११ला जीएसटीआर-१, २०ला ३बी. एकदा त्यांनी सांगितले, “१० तारखेला शनिवार आला, तरच मला आदल्या दिवशी आठवण करून दे, कारण रविवारी मी फोन उचलत नाही.” साधी मागणी. तारखेच्या घरात १०, वाराच्या घरात ६. पण क्रॉनचा इथे एक जुना, विक्षिप्त नियम आहे. इतर घरांच्या अटी एकत्र पाळायच्या; मात्र तारीख आणि वार दोन्ही भरले, तर दोघांपैकी काहीही एक जुळले तरी काम करायचे. म्हणजे आठवण दर महिन्याच्या १० तारखेला येणार आणि शिवाय प्रत्येक शनिवारी येणार.

हाच नियम गणपतीला लावून पाहा. संकष्टी चतुर्थी मंगळवारी आली की अंगारकी. तिथी आणि वार दोन्ही जुळायला हवेत, म्हणून तर तिचे अप्रूप आणि म्हणून टिटवाळ्याला रांग. क्रॉनच्या हाती ही व्यवस्था दिली तर प्रत्येक चतुर्थी अंगारकी आणि प्रत्येक मंगळवारही अंगारकी. वर्षाला साठाहून अधिक उपवास. टिटवाळ्याची रांग कल्याणपर्यंत आणि साबुदाण्याचा भाव आकाशाला. बाप्पाही म्हणेल, थोडे दिवस मला घरी राहू द्या. यावर उतारा असा, की क्रॉनला फक्त तारीख सांगायची आणि वाराची चौकशी कामाने स्वतः सुरू झाल्यावर करायची: आज शनिवार आहे का? नसेल तर गुपचूप परत जा. महिनाअखेरीचेही तेच. फेब्रुवारीची अखेर वेगळी, जूनची वेगळी, आणि ‘महिनाअखेर’ असे लिहायला क्रॉनकडे जागा नाही. मग २८ ते ३१ रोज काम उठवायचे आणि त्याने विचारायचे, उद्या एक तारीख आहे का? आपला महिना अमावास्येला संपतो आणि अमावास्या कधी ३१ला नसते म्हणून राहून जात नाही. क्रॉनने रविवाराला मात्र सढळ हाताने वागवले आहे. वारांच्या घरात शून्य म्हणजे रविवार आणि बहुतेक ठिकाणी सात म्हणजेही रविवार. आठवड्यात दोन रविवार असावेत ही तमाम नोकरदारांची इच्छा त्याने पूर्ण केली. फक्त दोन्ही एकाच दिवशी ठेवले.

गाळ्यांच्या मागे चालत गेले की खाडी लागते. तिथल्या जुन्या जाणत्यांना वेळ विचारली तर ते मोबाइल न काढता सांगतात. मुंबईच्या किनाऱ्याला एक हिशेब पूर्वापार चालत आला आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीत आतवर पाणी चढायला आणखी थोडा वेळ द्यायचा. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण पाऊण तास उशिरा येते, पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीला भांग. ही ओळ क्रॉनमध्ये लिहून दाखवा असे कुणी म्हटले, तर मी दुसरी नोकरी बघेन. चंद्रासाठी त्या पाच घरांत एक खोलीही रिकामी नाही. उलट खाडीवरच्या माणसाचे आख्खे सूत्र एका गुणाकारात बसते आणि त्याला कधी पासवर्ड लागत नाही.

एका बाबतीत मात्र भटजी आणि इंजिनियर अगदी एका मताचे निघाले. नवशिक्या माणसाला गोल आकडे आवडतात. सगळे जण आपापली कामे रात्री बाराच्या ठोक्याला लावतात आणि त्या एका मिनिटात सर्व्हरची दमछाक होते. म्हणून जाणकार सांगतात, बारा वाजता लावू नका, बारा वाजून सतरा मिनिटांनी लावा, तेवीस मिनिटांनी लावा. आपल्या लग्नपत्रिका हे कधीपासून पाळतात. ‘सायंकाळी ६ वाजून ३७ मिनिटे’ असा मुहूर्त वाचून हसणाऱ्याने काल्हेरच्या रस्त्यावर लग्नसराईत उभे राहावे. सगळ्यांचा मुहूर्त सहालाच असता, तर एकाही नवरदेवाची गाडी हॉलपर्यंत पोहोचली नसती. अर्थात, पत्रिकेतला मुहूर्त सांभाळण्याची जबाबदारी भटजींची आणि न सांभाळण्याची नवऱ्याच्या मित्रांची. वरात नाचत असेल तर ६ वाजून ३७ मिनिटे साडेसातलाही होऊ शकतात. क्रॉनला हे जमत नाही. त्या मिनिटाला वीज गेलेली असेल, संगणक बंद असेल, तर ते काम गेलेच. वीज आल्यावर तो ‘मघाचे राहिले होते’ म्हणत उठत नाही. त्यासाठी दुसरा प्रोग्राम ठेवावा लागतो. आपल्याकडे नाचून दमलेल्या मित्रांसाठी अक्षता राखून ठेवलेल्या असतात.

इतके दिवस या दोन पंचांगांच्या मध्ये बसून मला एकच गोष्ट सांगावीशी वाटते. क्रॉनला जे नीट सांगता येत नाही, ते बहुतेकदा आपल्यालाच नीट माहीत नसते. ‘रोज’ म्हणजे रविवारीही का? ‘सकाळी’ म्हणजे कुणाची सकाळ? ‘दर महिन्याला’ म्हणजे महिना संपताना की सुरू होताना? पाच घरे भरायला बसले की हे प्रश्न समोर येऊन उभे राहतात आणि गाळ्यावर जाऊन पुन्हा विचारावे लागते. त्या विचारण्यात कळते, की वेळ ही कुणाची तरी सोय असते. सहाचा रिपोर्ट सहाला का, तर एक माणूस तेव्हा चहा घेत असतो.

नेमकी हीच गोष्ट पाच घरांत मावत नाही. एका सर्व्हरवर मला एक ओळ सापडली. रोज पहाटे ती एका गाळ्याच्या मालाची मोजदाद करून रिपोर्ट पाठवत होती. गाळ्याचा भाडेकरू केव्हाच माल हलवून गेला होता, रिपोर्ट ज्याला जायचा त्याने नोकरी बदलली होती, आणि तरी क्रॉन इमानाने शून्य खोकी मोजून, शून्य बरोबर असल्याची खात्री करून, कुणी न उघडणाऱ्या पेटीत टाकत होता. ओळ पुसायचे धाडस कुणाला होईना, कारण ती कशासाठी आहे हेच कुणाला ठाऊक नव्हते.

पूजेला बसल्यावर गुरुजी आधी संकल्प सांगतात. त्यात गोदावरीच्या दक्षिण तीरावर, असा ठिकाणाचा पत्ता येतो. मग संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार सगळे येते. आणि मग गोत्र, नाव आणि हे कशासाठी करतो आहोत तो हेतू. हातावरून पाणी त्यानंतर सुटते. क्रॉनने या संकल्पाचा पूर्वार्ध तेवढा घेतला, उत्तरार्ध सोडून दिला. तो लिहायची सोय मात्र ठेवली आहे: ओळीच्या आधी # असे चिन्ह काढले की पुढचा मजकूर यंत्र वाचत नाही, माणसांसाठी राहतो. आम्ही आता आमच्या प्रत्येक ओळीच्या डोक्यावर तो लिहितो. कालच एक लिहिला: ‘# गाळा तीनच्या शेठसाठी. साडेसहाला त्यांना सुरतहून फोन येतो, त्याआधी शिल्लक माल कळायला हवा. सुरतचा व्यवहार थांबला की ही ओळ काढावी.’ शेठना वाचून दाखवले, तर ते म्हणाले, “फोन साडेसहाला येतो खरा, पण मी तो सातशिवाय उचलत नाही.” मग मिनिटाचे घर उघडून शून्याच्या जागी पंचेचाळीस केले.